सहकुटुंब सहपरिवार सेवा: एक मार्गदर्शिका

उन्हाळी सुटीत अमेरिकेतल्या मराठी कुटुंबापुढे दोन पर्याय असतात: भारतात जाऊन नातेवाइकांचे रुसवे काढणं किंवा यलोस्टोनला जाऊन उकळतं पाणी बघणं. कुटुंब आमच्यासारखं मूळचं नाशिकचं, ख्रिस्ती आणि टेक्ससमधल्या एखाद्या दांडग्या चर्चचं सभासद असेल, तर तिसराही पर्याय उघडतो. आफ्रिकेत जाऊन तिथल्या शाळा सुधारता येतात. यात आशीर्वाद मिळतो आणि हत्तीही दिसतात. मी, बायको, पंधरा वर्षांची थोरली आणि अकरा वर्षांचा धाकटा असे आम्ही चौघं जुलैमध्ये केनियाच्या किनाऱ्यावर, किलिफीजवळच्या एका प्राथमिक शाळेची १२ दिवस सेवा करून आलो. अनुभव ताजा आहे तोवर होतकरू कुटुंबांसाठी ही मार्गदर्शिका. पूर्वानुभवाची गरज नाही. किंबहुना तो नसणं हीच मुख्य पात्रता.

१. पाचारण ओळखावे

मोशेला ते जळत्या झुडपातून झालं, शमुवेलाला रात्री अंथरुणात. आपल्याला ते उपासनेनंतर डोनटच्या टेबलावर ठेवलेल्या नावनोंदणीच्या कागदातून होतं. या कागदावर टी-शर्टचं माप विचारतात, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी विचारतात, मुलांची आवड आहे का विचारतात. शिकवता येतं का, हे कोणी विचारत नाही. केनियात मास्तर व्हायचं तर टीचर्स सर्व्हिस कमिशनकडे नोंदणी लागते. टेक्ससमध्ये मी धाकट्याच्या वर्गात केक वाटायला गेलो, तरी शाळेने आधी माझी पूर्वपीठिका तपासून घेतली होती. समुद्रापलीकडे सहावीला गणित शिकवायला मात्र टी-शर्ट पुरतो. माझा धंदा सॉफ्टवेअर तपासण्याचा. बायको दातांच्या एका दवाखान्यात हिशेब बघते. तेव्हा मला गणित मिळालं आणि तिला दात.

मग निधीसाठी ओळखीच्यांना पत्रं लिहावीत. पत्रात ‘सुटी’ हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये. १२ दिवसांचा तपशीलही देऊ नये. तो असा: चार दिवस विमानात आणि विमानतळांवर, एक दिवस झोप भरून काढण्यात, एक रविवार, दोन दिवस त्सावोचे लाल मातीने माखलेले हत्ती बघण्यात. उरले चार. हे चार दिवस म्हणजे सेवा.

२. ओझे वाहावे

‘अमक्याच्या मनावर आफ्रिकेचं ओझं आलंय,’ असं आपल्या मंडळींत म्हणतात. ते नेमकं किती, हे विमानतळावरच्या काट्यावर कळतं. माणशी दोन बॅगा, बॅगेत २३ किलो, म्हणजे चौघांत १८४. त्यात २०० टूथब्रश, फुगे, रंगीत खडू, चेहरे रंगवायची सामग्री आणि चर्चभरातून गोळा केलेले जुने टी-शर्ट भरावेत. शाळेला काय हवंय ते विचारत बसू नये. यादी आली तर ती आपल्याकडच्या सामानाशी जुळत नाही.

पोचल्यावर शक्यतो बाजारात जाऊ नये. आम्ही गेलो. तिथे जुन्या कपड्यांचे छातीएवढे ढीग होते. त्यांना मितुंबा म्हणतात. श्रीमंत देशांनी टाकलेले कपडे गाठोड्यांनी जहाजातून येतात आणि नगावर विकले जातात. धाकट्याने ढिगातून डॅलसच्या फुटबॉल टीमचा टी-शर्ट ओढून काढला. त्याच्या अंगातही तोच होता. शिवाय शाळेत पोरं गणवेशात येतात आणि तो फाटकासमोरचा शिंपी शिवतो. आमच्या टी-शर्टांना रविवारखेरीज वाव नव्हता, आणि शिंप्याला आमच्याविषयी फारसा उमाळा नव्हता.

३. भाषा शिकावी, पण बेताने

स्वाहिली मराठी माणसाला लगेच लळा लावते. कलामू म्हणजे लेखणी, किताबू म्हणजे पुस्तक, सबुनी म्हणजे साबण, दुका म्हणजे दुकान, दावा म्हणजे औषध. एकाच समुद्रावरच्या गलबतांनी दोन्ही किनाऱ्यांवर हे शब्द उतरवून ठेवले आहेत. त्यातून माणसाला नको तेवढा आत्मविश्वास येतो. विमानात मी फोनवरून दहापर्यंत आकडे पाठ केले: मोजा, म्बिली, तातू. ड्रायव्हर म्हणाला, ‘उद्या शाळेत स्वागत, साआ तातू.’ तातू म्हणजे तीन. मी सर्वांना सांगितलं, तीन वाजता. सकाळी पोहलो, जेवलो, इस्त्रीचे टी-शर्ट घातले आणि ठीक तीनला फाटकाशी हजर झालो.

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. साआ तातू म्हणजे सकाळचे नऊ.

पोरं नवापासून रांगेत होती. स्वागताचं गाणं त्यांनी नवाला म्हटलं, दहाला सरावासाठी म्हटलं, मग बाईंनी त्यांना वर्गात पाठवलं आणि आमची गाडी दिसताच पुन्हा बाहेर काढलं. रांगेच्या टोकाला पहिलीतली एक मुलगी उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. तिच्या मुठीत आमच्यासाठी जास्वंदीचं फूल होतं. सकाळी ते लालबुंद असणार. तोवर त्याने मान टाकली होती. बायकोने ते घेतलं आणि पुढचा तासभर हातात धरून ठेवलं, कारण ठेवायचं कुठे ते कळेना. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, ‘करिबू.’ या, बसा. एवढंच.

४. ओळख करून द्यावी

आपल्या चर्चच्या टीममधल्या गोऱ्या लोकांमागे पोरं ‘मझुंगू, मझुंगू’ करत धावतात. त्या पाहुण्यांना ते आवडतं. आपल्यामागे कोणी धावत नाही. आपण मुहिंदी, म्हणजे भारतीय. मुहिंदी तिथे शतकाहून अधिक काळ आहेत आणि त्यांची दुकानं आहेत, ही पंचक्रोशीला पक्की माहिती असते. एका पालकाने मला बाजूला घेऊन छपराच्या पत्र्याचा भाव विचारला. मी म्हटलं, माझं दुकान नाही, मी प्रभूच्या सेवेसाठी आलोय. त्याने आदराने मान हलवली आणि विचारलं, ‘होलसेलमध्ये काय पडेल?’

५. शिकवावे

केनियात २००३ मध्ये सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झालं. पुढच्याच वर्षी एल्डोरेटजवळच्या एका शाळेत किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा पहिलीत येऊन बसले. सर्वांत मोठ्या वयात प्राथमिक शाळेत दाखल झालेले म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. शिकायला वयाची लाज नाही, हे त्यांनी दाखवलं. शिकवायला अज्ञानाची नाही, हे आम्ही दाखवलं.

बायकोने दात कसे घासावेत ते शिकवलं. त्या पोरांचे दात आमच्या दोन्ही मुलांपेक्षा सरळ आणि पांढरे होते. धाकट्याच्या तारा बघायला तर दोन वर्ग रांगेने येऊन गेले. सहावीच्या गणिताला मी थोरलीला पुढे केलं. वर्गाचे खरे मास्तर मागच्या बाकावर जाऊन बसले. पंचविशीतले. सरकारने शाळेला पुरेसे शिक्षक दिले नव्हते, म्हणून शाळेच्या मंडळाने त्यांना पालकांच्या वर्गणीतून नेमलं होतं. वर्गणी जमेल तसा पगार.

थोरलीने विचारलं, ‘कशाची गणितं करू या?’ एका मुलाने हात वर केला. ‘तुमचं विमानाचं तिकीट केवढ्याला पडलं?’ तिने भाबडेपणाने सांगितलं, १,८०० डॉलर. फळ्यावर लिहिलं, एका डॉलरला १३० शिलिंग. वर्गाने गुणाकार केला: २,३४,०००. मग दुसरा मुलगा मागे वळून मास्तरांना म्हणाला, ‘म्वालिमू, तुमचा पगार?’ मास्तर ओशाळले. मग हसून म्हणाले, महिन्याला नऊ हजार. एव्हाना वर्गाला गणिताची गोडी लागली होती. भागाकार एका दमात झाला. एका तिकिटात मास्तरांचा २६ महिन्यांचा पगार. बाकी शून्य. ‘तिकिटं चार,’ कोणीतरी आठवण करून दिली. १०४ महिने. आठ वर्षं आणि आठ महिने.

त्या चार दिवसांत शाळेत आम्ही चांगला शिकवलेला हा एकमेव तास.

६. भिंत रंगवावी

सेवेचा हा कळस. भिंत आधी रंगवलेली असली तरी बिचकू नये. आमची निळी होती, आम्ही ती पिवळी केली. खरवडताना कोपऱ्यात पापुद्रा सुटला आणि निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली गुलाबी, गुलाबीखाली पुन्हा पिवळा असे थर दिसले. झाडाच्या खोडात वर्षं मोजतात तसे आपल्याआधीचे उन्हाळे मोजता आले. बाकीच्या भिंतींना कधी ब्रश लागला नव्हता आणि तिसरीच्या वर्गाचं छप्पर गळत होतं. मी मोठ्या बाईंना विचारलं, ‘दर वेळी हीच भिंत का?’ त्यांनी माझ्या हातात मोठा ब्रश दिला.

७. फोटो काढावेत

अनोळखी माणसाने आपल्या पोरांचे शाळेत फोटो काढून जगभर धाडले, तर आपण वकील गाठू. इथे मात्र पोर कडेवर घ्यावं, ते हसलं नाही तर फुगा द्यावा. केनियात २०१९ पासून विदासंरक्षणाचा कायदा आहे आणि मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते, हे विमानात वाचायचं राहून जातं.

८. इतिहासापासून जपावे

परतीच्या वाटेवर मोंबासात थांबाल तर सरळ विमानतळ गाठावा. मी केंगेलेनी नावाच्या चौकात उतरलो, तिथेच घात झाला. केंगेले म्हणजे घंटा. तिथे फ्रेरटाउनची जुनी घंटा आहे. मुक्त झालेल्या गुलामांसाठी ही वसाहत १८७४-७५ मध्ये उभी राहिली. नाव दिलं सर बार्टल फ्रेर यांचं, जे आधी मुंबईचे गव्हर्नर होते. ‘मुंबई’ ऐकून मी कान टवकारले. पुढचं ऐकून ते लाल झाले.

ब्रिटिश नौदल गुलामांची गलबतं पकडायचं, तेव्हा सोडवलेल्या आफ्रिकन पोरांपैकी अनेकांना मुंबईला आणलं जाई. चर्च मिशनरी सोसायटीने त्यांच्यासाठी आश्रयस्थान आणि शाळा काढली ती नाशिकला, शरणपूरमध्ये. ज्या शरणपूर रोडवर मी आयुष्यभर सायकल हाणली, त्याच शरणपूरमध्ये. तिथे ती पोरं लिहा-वाचायला शिकली, लोहारकी-सुतारकी शिकली. आफ्रिका धुंडाळणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेत ‘नाशिकची मुलं’ होती. त्याच शाळेतला जेकब वेनराइट त्याच्या पार्थिवासोबत लंडनपर्यंत गेला. जॉर्ज डेव्हिड, इश्माएल सेमलर आणि विल्यम जोन्स हे तिघे १८६४ मध्ये नाशिकहून मोंबासाजवळच्या रबईला आले. फ्रेरटाउन उभं करायलाही नाशिकचीच माणसं आली.

म्हणजे आमच्या गावाहून या किनाऱ्यावर सेवेला आलेले आम्ही पहिले नव्हतो. फरक तिकिटाचा. त्यांच्याकडे परतीचं नव्हतं.

९. साक्ष द्यावी

परतल्यावर रविवारी चर्चपुढे साक्ष द्यायची असते. ठरलेली वाक्यं तीन: त्यांच्याकडे काहीच नाही तरी ते किती आनंदी आहेत, आम्ही द्यायला गेलो आणि घेऊन आलो, माझ्या मुलांना आता आपल्या सुखाची किंमत कळली. तिसरं म्हणताना मुलांकडे बघू नये. थोरली माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ भागाकार करत होते.

त्याच रात्री नाशिकला आईला फोन केला. ती सगळं शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, ‘आमच्या मिशन शाळेत नाताळला परदेशातून खोकं यायचं. एका वर्षी मला लोकरीचे हातमोजे आले. नाशकात! तुझी आजी त्यांनी तवा उतरवायची. चांगले टिकले.’

‘आणि शाळेत मडम होत्या त्या?’

‘त्यांचं काय सांगू. म्हातारी होईस्तोवर इथेच होत्या. माझ्या वहीतले ऱ्हस्व-दीर्घ तपासायच्या. लई मारकुट्या.’ थोडं थांबून ती म्हणाली, ‘खोकं पाठवणाऱ्यांची नावं मात्र आठवत नाहीत बघ.’

१०. पुढील वर्षाची तयारी

डोनटच्या टेबलावर नवा कागद आला आहे. आमच्या घरी मात्र थोरलीच्या हट्टाखातर दर महिन्याला ७० डॉलर शाळेच्या मंडळाकडे जातात. या सेवेला टी-शर्ट नाही, फोटो नाही आणि साक्षीला बोलावणं येत नाही, हे तिचे मोठे दोष आहेत. होतकरू कुटुंबांनी नीट विचार करूनच ती पत्करावी.

मोठ्या बाईंना परवा फोनवर विचारलं, सगळं ठीक ना? त्यांचं उत्तर आलं: मास्तर रोज येतात, त्यांचा पगार वेळेवर झाला. छपरासाठी पालकांनी पत्रे आणले. भिंतीचा पिवळा रंग सुटायला लागलाय, पण आम्ही त्याला हात लावत नाही. ती भिंत पाहुण्यांसाठी राखून ठेवली आहे.