पंचवीसचं ॲव्हरेज, चाळीस क्विंटल हळद

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या एका मंगल कार्यालयाबाहेर मागच्या महिन्यात एक लांबलचक काळी गाडी उभी होती. एमएच ३८, नवी कोरी, बोनेटवर हार तसाच. भोवती पाच-सात पोरं. प्रश्न एकच : "ॲव्हरेज काय देते?" मालक म्हणाले, "पंचवीस. हायब्रिड आहे ना!" पोरांच्या तोंडून "आई शप्पथ" निघालं.

मला त्या पोरांची काळजी वाटली. मालकाकडे पैसा आहे, तो त्यांनी कमावलेला आहे, त्याचं त्यांनी काहीही करावं. पण या पोरांपैकी एखादा उद्या बापाची जमीन तारण ठेवील आणि बापाला सांगेल, "अण्णा, पेट्रोलमध्येच वसूल होते." ते खोटं आहे. किती खोटं, ते मांडून दाखवतो.

ती काळी गाडी म्हणजे टोयोटाची नवी कॅमरी. डिसेंबर २०२४ मध्ये ती ४८ लाखांना बाजारात आली. रस्त्यावर आणण्याआधीची तेव्हाची किंमत ही; तीच इथे धरतो. कंपनीचा आकडा लिटरला २५.४९ किलोमीटर. तो प्रयोगशाळेत, रोलरवर चाक फिरवून, ठरलेल्या वेगाने मोजलेला असतो. एप्रिलच्या उन्हात, एसी लावून, नांदेड रोडला शंभरच्या पुढे काटा नेल्यावर तो मिळत नाही. मी १८ धरतो. पेट्रोल १०५ रुपये धरतो. वर्षाला १५ हजार किलोमीटर.

पेट्रोल किलोमीटरला सहा रुपयांच्या आत बसतं. याच आकाराची साधी पेट्रोल गाडी १२ देते असं धरलं, तर पावणेनऊ रुपये. म्हणजे हायब्रिडने वर्षाला ४३ हजार ७५० रुपये वाचवले. वाचवले, हे मी मान्य करतो. तंत्रज्ञान खरंच चांगलं आहे.

आता दुसरं पान. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला, ती एका माणसाच्या नावावर असेल तर, आरटीओचा कर १३ टक्के. ४८ लाखांवर ६ लाख २४ हजार. पाच वर्षं आणि ७५ हजार किलोमीटरवर वाटला तर किलोमीटरला आठ रुपयांच्या वर. पेट्रोलपेक्षा नुसता कर जास्त!

आणि घसारा. विमावाले गाडीची किंमत ज्या तक्त्याने धरतात, त्यात पहिल्याच वर्षी १५ टक्के जातात आणि पाचव्या वर्षी निम्मी किंमत उरते. २४ लाख गेले. वर्षाला ४ लाख ८० हजार, किलोमीटरला ३२ रुपये. ४० लाखांचं कर्ज सात वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढलं, तर पहिल्या वर्षाचं व्याजच सव्वातीन लाखांच्या वर जातं. विम्याचा हप्ता अजून धरलेला नाही. कॅमरीच्या टायरची भिंत साडेदहा सेंटिमीटरची असते; आपल्याकडच्या एका खोल खड्ड्यात तिचं काय होतं, तेही धरलेलं नाही.

आपल्या मापात सांगतो. हळद क्विंटलला १२ हजार धरा. हायब्रिडने वर्षाला जेमतेम पावणेचार क्विंटल वाचवली आणि घसाऱ्याने ४० क्विंटल नेली. सगळी गाडी म्हणजे ४०० क्विंटल. एकरी २० क्विंटल सुकी हळद निघाली तरी २० एकरांचं एक अख्खं वर्ष, त्यातून बेणं, मजुरी, शिजवणी, पॉलिश काहीही वजा न करता.

पेट्रोलचा चटका आपल्याला बसलाय, म्हणून आपण ॲव्हरेज विचारतो, हे मला कळतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये परभणीत पॉवर पेट्रोलने शंभरी ओलांडली; टँकर मनमाडकडून इतक्या लांब येतो, हे त्याचं एक कारण. १९९९ पर्यंत आपण हिंगोलीकरही त्याच जिल्ह्यात होतो. दुचाकीवर जगणाऱ्या माणसाने ॲव्हरेज विचारलंच पाहिजे. ४८ लाखांच्या गाडीला तो प्रश्न लागू पडत नाही.

पण माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे.

हायब्रिड पैसे कुठे वाचवते? ब्रेकवर. पाय दाबला की मोटर उलटी जनित्र होते, चाकांचा जोर बॅटरीत साठतो, आणि पुढच्या वेळी निघताना तोच वापरला जातो. गाडी उभी असली की इंजिन बंद. म्हणजे जी गाडी सारखी थांबते आणि निघते, तिला याचा सगळ्यात जास्त फायदा. मोकळ्या हायवेवर सुसाट पळणाऱ्याला त्यातला थोडाच मिळतो.

मग हिंगोली जिल्ह्यात सारखं कोण थांबतं? एसटी थांबते. हिंगोलीहून निघाली की कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा, आणि मधला प्रत्येक फाटा, जिथे एखादी म्हातारी पिशवी घेऊन हात करते. भरलेली बस १५ टनांच्या आसपास असते. ती ताशी ६० वरून थांबते, तेव्हा तिच्या वेगातली अर्ध्या युनिटहून थोडी जास्त ऊर्जा वाया जाते, बहुतेक ब्रेकमध्ये तापून. एका थांब्याला अर्धा युनिट! कॅमरीत याचा आठवा-नववा भाग असतो. जिथे सगळ्यात जास्त वाया जातं तिथे हे यंत्र नाही, आणि जिथे सगळ्यात कमी वाया जातं तिथे ४८ लाखांना विकलं जातं.

हायब्रिड बस राज्यात आल्याच नाहीत असं नाही. २०१८ मध्ये एमएमआरडीएने टाटांच्या २५ हायब्रिड बस घेतल्या आणि बेस्टमार्फत वांद्रे-कुर्ला संकुलासाठी चालवल्या. एसटीची पहिली विजेची 'शिवाई' १ जून २०२२ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. तिच्यातही ब्रेकची ऊर्जा परत बॅटरीत जाते. पहिला मान मुंबई-पुण्याला, हे आता सवयीचं झालंय, आणि सवय झाली म्हणून ते बरोबर ठरत नाही. विजेची द्या नाहीतर हायब्रिड द्या, पण हिंगोली, वसमत आणि कळमनुरी आगारांच्या फाट्याफाट्यावर थांबणाऱ्या गाड्यांना आधी द्या.

३१ जुलै २०२४ ला टोयोटाने राज्य सरकारशी करार केला. छत्रपती संभाजीनगरजवळ बिडकीनला सुमारे २० हजार कोटींचा कारखाना, हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांसाठी. मराठवाड्यात येतोय, मला आनंद आहे. आपल्या आयटीआयच्या पोरांना तिथे काम मिळावं. त्या करारावर सही करणाऱ्या सरकारला माझं एक विचारणं आहे : या कारखान्याला जमीन आणि सवलती देताना बसचा विषय कुणी काढला होता का?

परवा संध्याकाळी वारंगा फाट्यावर उभा होतो. नांदेडकडून एसटी आली, दहा-बारा माणसं उतरली, तेवढीच चढली. बस निघून गेल्यावरही तापलेल्या ब्रेक लायनरचा वास रस्त्यावर बराच वेळ होता.