सरचिटणीस भाऊ

भाऊ कोणत्याही सरकारी कार्यालयात सापडतात. आमच्याकडचे भाऊ पदाने अव्वल कारकून, संघटनेत सरचिटणीस. त्यांच्या खालच्या खणात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आहे, त्यात काळ्या फिती आणि सेफ्टी पिना. निषेधाच्या दिवशी सकाळी भाऊ टेबलाटेबलावर जाऊन फिती लावतात आणि संध्याकाळी पिना मोजून परत घेतात. एखादी कमी भरली, तर शासनावरचा राग बाजूला राहतो आणि पिनेची चौकशी सुरू होते.

द्वारसभाही ते जेवणाच्या सुट्टीतच घेतात. सुट्टी अर्ध्या तासाची, म्हणून भाषण बावीस मिनिटांचं. उरलेल्या आठात डबा. शासनाची वेळ आंदोलनाला वापरायची नाही, असा भाऊंचा दंडक. शासनाला याची कल्पना नाही, हे शासनाचं दुर्दैव.

29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हा भाऊंनी पेढे वाटले. शनिवार सुटला, बदल्यात रोजची वेळ वाढून पावणेदहा ते सव्वासहा झाली. पण भाऊ अजून शनिवारी येतात. किल्ली शिपायाकडून शुक्रवारीच घेऊन ठेवतात. म्हणे, ‘शांततेत काम उरकतं.’ मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संप झाला, तेव्हा मांडवात सगळ्यात मोठा आवाज भाऊंचा. वास्तविक भाऊ नोव्हेंबर 2005 च्या कितीतरी आधी लागलेले, त्यांची जुनी पेन्शन शाबूत. लढा पोरांसाठी. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि घोषणांच्या मधल्या फटीत भाऊ शेजाऱ्याला विचारू लागले, ‘पंचनाम्यांचं काय होणार रे?’ संप मिटला त्या संध्याकाळी बाकीचे घरी गेले, भाऊ टेबलाशी.

टेबलाशी म्हणजे नेमकं कुठल्या, हा प्रश्नच आहे. दोघं निवृत्त झाले, एकाची बदली झाली, जागा भरल्या नाहीत. ‘अतिरिक्त कार्यभार’ या दोन शब्दांवर भाऊ आज तीन टेबलं सांभाळतात. त्यातलं एक आस्थापनेचं.

परवा पुरवठा शाखेतल्या बाई आल्या. ‘भाऊ, आमच्या गावची शेवटची एसटी सहा दहाला. ऑफिस सव्वासहाला सुटतं. मी सकाळी अर्धा तास लवकर येते, मला संध्याकाळी अर्धा तास आधी सोडा. एवढंच मागा की.’

भाऊ पेटले. रात्री निवेदन तयार. विषय, संदर्भ एक ते सात, मागणी क्रमांक एक : रिक्त पदे तातडीने भरणे, मागणी क्रमांक दोन : कामाची वेळ लवचीक करणे. दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ घेऊन साहेबांना दिलं, फोटो काढला. साहेबांनी ‘आस्थापना, नियमानुसार सादर करा’ असा शेरा मारला. निवेदन आवकला गेलं, क्रमांक पडला आणि दुपारी चारला आस्थापनेच्या टेबलावर आलं. भाऊंच्याच.

आम्हाला वाटलं, आता काम झालं! पण सरचिटणीस भाऊ निराळे आणि आस्थापना भाऊ निराळे. आस्थापना भाऊंनी चष्मा पुसला, स्वतःचं निवेदन अनोळखी माणसाचं असावं तसं वाचलं आणि टिप्पणी लिहिली : ‘मागणी क्र. 1 धोरणात्मक असल्याने शासनस्तरावर पाठवणे उचित. मागणी क्र. 2 चे मूळ एसटीच्या वेळेत असल्याने ती आगार व्यवस्थापकांकडे वर्ग करणे प्रस्तावित.’

‘अहो भाऊ, तुमचीच मागणी ना?’ मी म्हटलं.

‘मागणी माझी. नस्ती शासनाची. आणि नस्ती कामाच्या सात दिवसांवर ठेवता येत नाही, 2005 चा विलंबाचा कायदा आहे.’

साहेबांनी सही केली. संघटनेला तसं पत्र गेलं, भाऊंनी सरचिटणीस म्हणून त्याची पोच दिली आणि लगेच दुसऱ्या कागदावर त्या पत्राचा तीव्र निषेध नोंदवला.

महिन्याभराने आगारातून उत्तर आलं. चालक-वाहकांची पदं रिक्त आहेत, आहेत त्यांच्यावर जादा फेऱ्यांचा ताण आहे, सबब वेळ बदलता येत नाही. बाई उत्तर ऐकायला उभ्या होत्या. भाऊंनी पत्र दोनदा वाचलं, त्यांचे डोळे पाणावले.

‘बाई, बसा. काय हाल चाललेत हो यांचे! यांना आपला पाठिंबा द्यायला हवा. लिहून घ्या.’

‘भाऊ, सहाला पाच कमी आहेत.’

‘दोनच परिच्छेद,’ भाऊ म्हणाले आणि त्यांनी बिस्किटांचा डबा बाहेर काढला.