गाडी जलंबलाच

"डिसेंबर एकाहत्तर. शेगावहून आमची पॅसेंजर निघाली..." एवढं कानावर पडलं की टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून उठतात. अप्पा आले! तुमच्याही गावात असा एक जण असणारच. युद्धात यानं बंदूक सोडाच, काठीही उगारलेली नसते. पण त्या दिवसांत रेल्वेनं प्रवास केला, एवढ्या भांडवलावर निवृत्त सुभेदारासारखा जन्मभर मिशीला पीळ देत असतो.

३ डिसेंबरला युद्ध पेटलं, १६ तारखेला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. तेवढ्यात एक अख्खा देश मोकळा झाला. अप्पांची गाडी मात्र शेगावहून नांदुऱ्याला अजून पोचायची आहे. मध्ये जलंब लागतं ना! तिथं खामगावची लाईन फुटते आणि अप्पांची गोष्टही फुटते. कापसाचा भाव, खामगावची चांदी, डब्यातल्या म्हातारीच्या टोपलीतली कोंबडी, सगळं त्या फाट्यानं निघून जातं.

"अप्पा, सुटली का गाडी?"

"थांब ना भाऊ. मिलिटरी स्पेशल पास होऊ दे."

ब्लॅकआऊट मुंबईत होता, हे खरं. पण "आमच्या डब्यातबी खिडक्या खाली वढल्या होत्या" असं ते म्हणाले, तेव्हा मी विचारलं, "नांदुऱ्यात तेव्हा दिवे होते किती?" आठ दिवस बोलले नाहीत. फार सुखाचे गेले ते आठ दिवस.

कोळशाची इंजिनं गेली, विजेच्या तारा आल्या, महामार्गावर १०५ फुटी मारुती उभा राहिला. तो एकवेळ पुन्हा द्रोणागिरी आणेल. अप्पांची गाडी जलंबलाच.

परवा पावसात टपरीवर आम्ही दोघंच अडकलो. पळायला वाट नव्हती. वैतागून म्हणालो, "आज सोडाच ती गाडी."

अप्पांनी कप खाली ठेवला.

"स्पेशल आमच्या बाजूलेच उभी राह्यली. म्या खिडकी चार बोटं वर केली. समोर मिसरूड न फुटलेलं पोरगं. मांडीवर कार्ड, हातात पेन्सिल. म्हने, 'भैया, ये कौन सा स्टेशन है?'"

"मग?"

"तवा जो तो म्हने, हेर फिरतात, कोनाले काई सांगू नका. म्या म्हटलं, 'मालूम नहीं.'" अप्पा पावसाकडे बघत राहिले. "हासलं ते पोरगं. कार्डावर जागा सोडली असंन त्यानं. मंग त्याचीच गाडी पयले सुटली."

चहाचे पैसे मी दिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा "डिसेंबर एकाहत्तर..." सुरू झालं. टपरी रिकामी झाली. मी अजून एक कट सांगितला. शेगाव सुटलं, जलंब आलं, कोंबडी टोपलीतून बाहेर पडली.

गाडी सुटली का, हे मी विचारलं नाही.