श्री. जुने एसी यांस

श्री. जुने एसी, मुक्काम पोस्ट बेंगळुरू, यांस सा. न. वि. वि.

आपल्याला मुदतीआधी निवृत्त करावं, अशी हल्ली मागणी आहे. नऊशे मीटर उंचीवरच्या या शहरात पूर्वी पंख्यावर भागायचं. 24 एप्रिल 2016 ला पारा 39.2 अंशांवर गेला आणि आपला भाव आणखी वधारला. पण अंगावरचे वीजबचतीचे तारे जुन्या पंचांगातले आहेत. 2010 साली एक युनिट वीज खाऊन खोलीतली 3.1 युनिट उष्णता उपसली की पाचवा तारा मिळे. 2022 मध्ये त्याला 5 लागू लागले. मोजायची रीत मधेच बदलली हे कबूल, तरी इन्व्हर्टरवाल्या पोरांपुढं आपण खादाडच. आपले वकील म्हणतील, "अजून चालतोय की!" बेंगळुरूपुरतं त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. उन्हाळ्याचे तीन महिने, रोज पाच तास, म्हणजे साडेचारशे तास. दीड टनी यंत्रावर तासाला पाऊण युनिट वाचलं, तर वर्षाला 340 युनिटं. सात रुपये दर धरला तर अडीच हजारही नाहीत. चाळीस हजारांचा नवा एसी फिटेपर्यंत तोच म्हातारा होईल. मात्र आठ महिने रात्रभर घरघरणाऱ्या आपल्या भावंडाच्या जागी आणलेल्या नव्याचे पैसे चार वर्षांत वसूल होतात. म्हणून आपला जन्मदाखला बघू नये, कामाचे तास बघावेत.

खरी अडचण आपल्या अंत्यविधीची. आपल्या पोटात बहुधा आर-22 हा गॅस आहे. पाना फिरला, फुस्स झालं, की किलोभर गॅस हवेत. त्याची तापवण्याची ताकद सुमारे 1800 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी; युनिटमागं 0.7 किलो धरलं तर अडीच हजार युनिटांएवढी. वर वाचवलेली सात वर्षांची पुण्याई तिथंच संपली. त्यातून एक्स्चेंजमध्ये दिलेले आपण डागडुजी होऊन दुसऱ्या कुणाच्या भिंतीवर पुनर्जन्म घेता, तेव्हा तर वीज वाचत नाही, नुसता पत्ता बदलतो. भंगारापेक्षा जास्त पैसे मिळतात म्हणून ही सोय मालकालाही गोड लागते (पर्यावरणाचं भाषण मात्र तोच देतो).

तेव्हा आपल्या मालकांना एवढंच कळवा: नव्याची पावती फाडण्याआधी दुकानदाराला विचारा, जुन्यातला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणार का, आणि यंत्र मोडीत काढल्याचा कागद देणार का. तो नुसता हसला, तर या उन्हाळ्यात जाळी धुवा, 26 अंशांवर ठेवा आणि जुन्यालाच चालू द्या.

कळावे, लोभ नसावा.