हवेशीर माणूस

रविवारी सकाळी गॅरेजबाहेरच्या बाकड्यावर बसून भाच्याच्या नव्या गाडीची तपासणी करणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न किमतीचा नसतो आणि ॲव्हरेजचाही नसतो. तो वाकतो, इंजिनापुढची जाळी बोटाने ठोकून बघतो आणि विचारतो, "हा रेडिएटर काय रे? म्हणजे इंजिनात पाणी?" पाणी हा शब्द तो अशा काही सुरात उच्चारतो की भाचा आपोआप बचावाच्या पवित्र्यात जातो. पुढचं तर्कशास्त्र तोंडपाठ असतं. पाणी आलं की पंप आला, पंप आला की सील आलं, सील आलं की गळती आली आणि गळती आली की गाडी घाटात बंद. चार पायऱ्यांत तो शोरूममधून थेट वरंधा घाटात पोचतो, तेही पावसात. शेजारी त्याची स्वतःची साडेतीनशे सीसीची गाडी उभी असते. तिच्या सिलिंडरवरच्या फिन्स, म्हणजे वारा घेणाऱ्या पट्ट्या, तो जुन्या टूथब्रशने, रॉकेलमध्ये बुडवून, एकेक खाच धरून साफ करतो. त्याच्या मते इंजिन म्हणजे काय, तर दिसतं ते. ज्याला प्लॅस्टिकने झाकावं लागतं, त्यात काहीतरी लपवण्यासारखं असणारच.

या माणसाला हसणं सोपं आहे आणि तरुण मंडळी हसतातही. पण बाजाराने आजवर त्याला हसण्याची चैन केलेली नाही. रॉयल एनफील्डने २०२४-२५ या आर्थिक वर्षात निर्यात धरून १० लाखांहून अधिक मोटरसायकली विकल्या आणि त्यांतला मोठा वाटा साडेतीनशेच्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांचा आहे. खरं तर हे इंजिन थंड व्हायला तेलाचीही मदत घेतं. पण तेल हा द्रव पदार्थ आहे, हे आमचा हवेशीर माणूस मान्य करत नाही. त्याच्या रसायनशास्त्रात द्रव म्हणजे फक्त कूलंट.

इंजिनिअरची बाजू मात्र भक्कम आहे. पाण्याने इंजिनाचं तापमान एका पातळीवर राहतं, त्यामुळे सुटे भाग जास्त काटेकोर मापात बसवता येतात, कॉम्प्रेशन वाढवता येतं आणि इंजिन जास्त फेऱ्यांवर न दमता फिरतं. २०१३ साली भारतात आलेल्या, चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकचं इंजिन ३७३ सीसीचं होतं आणि ताकद सुमारे ४३ अश्वशक्ती. रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० ही ३४९ सीसीची. ताकद सुमारे २०. आकार जवळपास तोच, जोर दुप्पट. पण हा दुप्पट जोर घेऊन जायचं कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदीच आहे. उरलेल्या रस्त्यांवर खड्डे, म्हशी आणि उलट्या बाजूने येणारे ट्रॅक्टर ताशी साठाच्या पुढे फारसं जाऊ देत नाहीत. त्या वेगाला इंजिन इतकं तापतच नाही की हवा पुरू नये. म्हणजे हवेशीर माणसाचा निर्णय बरोबर ठरतो. चूक असते ती त्याने दिलेल्या कारणात. पाण्याचं इंजिन घाटात दगा देतं म्हणणारा हाच गृहस्थ, रेडिएटर असलेल्या एसटीत बसून तोच घाट घोरत पार करतो.

याला कोणी म्हणेल, हे सगळं जुन्या आठवणींचं प्रेम आहे. वडिलांच्या बुलेटचा आवाज कानातून जात नाही, एवढंच. तसं असतं तर स्प्लेंडरचा हिशेब लागला नसता. ९७ सीसीच्या त्या गाडीच्या आवाजाने कोणाचं काळीज हललेलं नाही, तरी खेडोपाडी तीच दिसते. दूधवाल्याने ती घेतली ती ॲव्हरेज, रिसेल आणि गावातला मिस्त्री या तीन गोष्टींसाठी. आपण हवेच्या पक्षात आहोत, हे त्याला माहीतही नसतं. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: सिग्नलला उभ्या गाडीला वारा कुठून मिळणार? नाहीच मिळत, आणि पोटऱ्या भाजतात. पण रेडिएटरचा पंखा सुरू झाला की तोही गरम हवा बहुधा पायांवरच सोडतो. चंद्रपूरच्या मे महिन्याचं म्हणाल, तर चालत्या इंजिनाचं डोकं दीडशे अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेलं असतं. त्याला पंचेचाळीस अंशांचा वाराही गारच. तिसरं भाकीत होतं की प्रदूषणाचे नियम हवेच्या इंजिनांचा निकाल लावतील. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं. बहुतेक कार्ब्युरेटर गेले, फिन्स राहिल्या.

कंपन्यांनी हे सगळं ठेचा खाऊन शिकून घेतलं. हार्लेने २००१ मध्ये पोर्शच्या मदतीने पाण्याची व्ही-रॉड काढली. गाडी वेगवान होती, पण जुन्या भक्तांनी तिला घरात घेतलं नाही. २०१७ मध्ये ती बंद झाली. ट्रायम्फ जास्त धोरणी निघाली. २०१६ च्या बोनव्हिलमध्ये पाणी घातलं, रेडिएटर चिंचोळा करून पुढच्या नळ्यांमध्ये दडवला आणि सिलिंडरवर फिन्स तशाच ठेवल्या. चाकणला बनणाऱ्या स्पीड ४०० वरही फिन्सची तीच शोभा आहे. म्हणजे इंजिन थंड करायला पाणी आणि गिऱ्हाईक थंड करायला फिन्स. बजाजने रेडिएटर नसलेली पल्सर २२०एफ २०२२ मध्ये बंद केली आणि लोकांनी पिच्छा न सोडल्याने २०२३ मध्ये परत आणली. रेडिएटरवाली एनएस२०० शोरूममध्ये तेव्हाही होतीच.

मग हिमालयन ४५० चं काय, असं भाचा विचारेल. रॉयल एनफील्डने २०२३ मध्ये तिच्यात पाण्याचं इंजिन घातलंच की! घातलं, कारण सामान लादून लडाख चढणाऱ्याला जुन्या हिमालयनची चोवीस अश्वशक्ती कमी पडत होती. जिथे गरज सिद्ध झाली तिथे पाणी आलं. साडेतीनशेच्या गाड्यांना कोणी हात लावला नाही. यावरून एवढंच निघतं की गिऱ्हाईक तंत्राच्या विरुद्ध नसतो. आपल्या कामाला न लागणाऱ्या तंत्राचे पैसे भरायला तो तयार नसतो, आणि ते सरळ सांगायचं सोडून घाट, गळती अशी भारदस्त कारणं पुढे करतो. कंपन्यांना मात्र त्याच्या मनातलं नेमकं कळतं. रॉयल एनफील्डनेच २०२४ मध्ये फ्लाइंग फ्ली ही विजेवरची मोटरसायकल दाखवली. तिच्यात ना पिस्टन, ना सिलिंडर, ना आवाज. पण बॅटरीच्या मॅग्नेशियमच्या पेटीला बाहेरून फिन्स आहेत. त्या बॅटरी थंड करतातच. शिवाय गाडीत पेट्रोल नाही म्हणून बिथरलेल्या आमच्या माणसाला, निदान पाणी तरी नाही, एवढा दिलासाही देतात.