मु. टीव्ही, पो. अँप्लिफायर, व्हाया कपलर

टीव्ही पूर्वेच्या भिंतीवर, कारण वास्तुशास्त्र. अँप्लिफायर पश्चिमेच्या, कारण शोकेस तिथे आहे आणि शोकेस हलत नाही. मधे बाल्कनीचा दरवाजा. चौकटीवरून वळसा घालून वायर न्यायची तर साडेसात मीटर हवी, आणि घरात ऑप्टिकल केबल दोन: एक पाच मीटरची, एक तीनची. साधी तांब्याची वायर लावली की स्पीकर अखंड घुंई करत. ऑप्टिकलमधून वीज जातच नाही, नुसता लाल उजेड जातो, त्यामुळे घुंईचा प्रश्न मिटतो. तोशिबाने १९८३ साली सीडी प्लेअरसाठी ही सोय काढली, तेव्हा डोंबिवलीतलं वास्तुशास्त्र त्यांच्या हिशेबात नसावं.

तेव्हा दोन केबल जोडणारा कपलर आणायला लॅमिंग्टन रोड. डोंबिवलीहून फास्टने दादर, दादरला पूल, मग ग्रँट रोडची स्लो. त्या पुलावर माणूस आपल्या पायांनी चालत नाही. त्याला नेलं जातं. मी उतरलो तेव्हा छत्री होती, चढलो तेव्हा नव्हती.

लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारला तर लोक आपल्यालाच पत्ता विचारतात. ‘सीसीटीव्ही? लॅपटॉप? क्या चाहिये साब?’ या गजरातून वाट काढत मी कपलर मागत होतो आणि लोक मला एचडीएमआय देत होते. शेवटी एका पोटमाळ्यावरच्या शेठनी बरणीतून नखाएवढी काळी नळी काढली.

‘आत काय आहे?’

‘काही नाही. भोक आहे.’

‘भोकाचे दीडशे?’

‘सरळ भोकाचे, साहेब. वाकडं पन्नासला आहे, पण लावू नका.’

मग त्यांनी फुकटात शिकवणी घेतली. केबलच्या आत एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा धागा. कपलरमधे दोन धागे तोंडाला तोंड लावून उभे राहतात. मधे फट राहिली, धूळ बसली, तोंडं जरा तिरकी झाली, की उजेड सांडतो. म्हणजे दादरचा पूलच. माझी छत्री आठवली. ‘पाच मीटर बिनधास्त, दहाच्या पुढे देवाची मर्जी. आणि कपलर एकच!’

घरी टीव्हीकडून आलेल्या केबलचं टोक तळहातावर धरलं: लालभडक ठिपका. कपलर लावून पुढच्या केबलचं धरलं: ठिपका होता, पण प्रवासाने शिणलेला. तरी अँप्लिफायरला तेवढा पुरला. हे आठ मीटर उजेड सेकंदाच्या अडीच कोटीव्या भागात कापतो. मला नुसतं ग्रँट रोडला पोहोचायला पावणेदोन तास लागले होते.

बातम्या लागल्या. दरवाजा लावला आणि निवेदिका टक्-टक् करू लागली. डिजिटल आवाज म्हाताऱ्यासारखा हळूहळू खालावत नाही. ठणठणीत असतो, नाहीतर अडखळतो, नाहीतर गप्प. चौकटीच्या कोपऱ्यात केबल काटकोनात मुडपली होती. हिला काटकोन चालत नाही, ऐसपैस वळण लागतं. म्हणून तिथे केबलचं ताटलीएवढं वेटोळं सोडलं.

‘हे असंच लोंबणार?’ बायको म्हणाली, आणि तिने त्यावर झेंडूचं तोरण चढवलं. आता झेंडूमागून डॉल्बी ५.१ व्यवस्थित वाहतं. शेजारचे काका मात्र रोज येऊन आज कोणता सण, म्हणून विचारतात.