फिटरमामा

आमच्या गावाच्या नावातला नळ हा नल राजाचा, असं जुनी माणसं सांगतात. फिटरमामांना मात्र तो आपल्या धंद्याचाच वाटतो. कमरेला पाईप-पाना, खिशात सफेद्याची डबी, कानावर बिडी आणि तोंडात एकच शब्द: फिट. असा माणूस नळदुर्गात एकच आहे असं समजू नका. बसस्टँडवर उभं राहून 'मामा!' अशी हाळी द्या, तिघं तरी वळून बघतील.

वायसर बदलला की 'फिट'. बोअरची मोटर खाली सोडली की 'फिट', मग पाणी येवो न येवो. लग्न जुळलं तरी तेच. "पोरगी अणदूरची, पोरगा सोलापूरला कामाला. फिट!" जणू दोघांच्या मध्ये साकेट टाकून चुडी आवळलीय. कुणावर खोटी केस झाली तर "त्याला फिट केलं", आणि हैदराबाद रोडवर कुणाचा टेम्पो अडवला तर "त्याचं फिटनेस संपलंय".

एकदा शेजारच्या आजोबांची चौकशी केली. मामा म्हणाले, "काल फिट आली."

"अरेरे! मग आता?"

"आता फिट हायत."

इंग्रजीत सदरा बसतो तो फिट आणि आकडी येते तो फिट, या दोघांची कुळं वेगळी मानतात. मामांनी दोघांना एका टाकीत सोडलंय.

१८५३ मध्ये निजामानं हा मुलूख कंपनीकडे दिला आणि मेडोज टेलरसाहेब कारभार बघायला नळदुर्गात आले. ठगांवर कादंबरी लिहिणारे तेच. 'फिट' हा शब्द त्यांच्याच सामानातून आला असावा असा माझा संशय आहे. पुरावा मागू नका. पण शब्द आला तेव्हा इथं त्याच्यासारखाच दिसणारा एक गडी आधीपासून राहत होता. मराठीतलं 'फिटणं' ज्ञानेश्वरीतसुद्धा भेटतं, आणि त्याची चाल नेमकी उलटी. इंग्रजी फिट आवळतो, मराठी फिटणं सोडवतं. गाठ फिटते, कर्ज फिटतं, हौस फिटते. मामांचं काम या दोघांच्या मधोमध चालतं: सकाळी इंग्रजीत फिट केलेला जॉइंट संध्याकाळपर्यंत मराठीत फिटतो. किल्ला पडतो फितुरामुळे, टाकी गळते फिटरामुळे.

तरी मामांना कारागिरीची पारख नाही असं कोण म्हणेल? पावसाळ्यात पाहुणे आले की त्यांना ते किल्ल्यात पाणीमहाल दाखवायला नेतात. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर बांध घातला आणि बांधाच्या पोटातच महाल काढला. नदी भरली की नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळायला लागतात. मामा आतल्या भिंतीवर पान्याच्या टोकानं टकटक करतात. हा नमस्काराचाच प्रकार.

"बगा गुरुजी. डोस्क्यावरनं नदी चाललीया. ना टेप, ना सफेदा, ना एमसील. ह्याला म्हनत्यात फिट!"

"खरंय मामा," मी म्हणालो. "डोळ्यांचं पारणं फिटलं."

मामा दचकून वर बघायला लागले. "फिटलं? कुठनं?"

आमच्या न्हाणीघरातला नळ मामांनी तीनदा फिट केला. चौथ्यांदा सामानासाठी म्हणून तीनशे रुपये नेले. त्यानंतर फोन केला की "येऊलालो, गुरुजी", आणि मागून चहाच्या गाड्यावरच्या कपांचा आवाज. खंडोबाची मूर्ती अणदूरहून नळदुर्गला ठरल्या वेळी येते आणि ठरल्या वेळी परत जाते. देव वेळ पाळतो, पण मामा देव नाहीत, हे विसरलो ही माझीच चूक.

परवा गाठलेच गाड्यावर. "मामा, ते तीनशे कधी फिटायचे?"

मामांनी बशी खाली ठेवली. चेहरा खरोखर दुखावलेला.

"गुरुजी, फिटायचं काम आपल्याकडं न्हाई. आपलं काम फिट करायचं." आणि गाडेवाल्याकडे वळून म्हणाले, "गुरुजींच्या नावावर अजून एक चहा."